मेश्राम मॅडमचा समुद्र

आमच्या हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात, पेशंट जिथे बाकावर बसून नंबराची वाट बघतात, तिथल्या भिंतीवर समुद्राचा एक फोटो होता. गेल्या महिन्यात रंगकाम निघालं तेव्हा रंगारी तो उतरवता उतरवता मला म्हणाला, "ताई, हा सकाळचा आहे का संध्याकाळचा?"

"सकाळचा. सूर्योदय आहे तो."

त्याने फोटो हात लांब करून धरला, मान तिरकी करून पाहिला. "सूर्य कुठाय?"

मेश्राम मॅडमना त्यांच्या फोटोंबद्दल हा प्रश्न इतक्या लोकांनी विचारला होता, की त्यांचं उत्तर मला पाठ होतं. तेच मी दिलं. "पाठीमागे."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. त्याने फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कपाटावर टाकला. रंग वाळून तीन आठवडे झाले. अजून तो परत लागलेला नाही. रोज बघते, रोज राहतं.

सुमेधा मेश्राम आमच्या विभागात सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची पंधरा वर्षं झाली होती. उंची जेमतेम पाच फूट. छताला लटकलेली एक्स-रेची नळी खाली ओढायला त्यांना लाकडी पाट लागायचा, आणि तो पाट दुसऱ्या कुणी हलवलेला त्यांना चालायचा नाही. पेशंटशी बोलणं मोजकं. "छाती लावा. हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. धरा." पेशंटबरोबर त्या स्वतःही श्वास धरायच्या. दिवसाला साठ-सत्तर पेशंट म्हणजे साठ-सत्तर वेळा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माझा सुटला की समजते त्याचाही सुटत आला असेल."

त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या. वडील शाळामास्तर. घरात पहिली शिकलेली मुलगी म्हणून पुण्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. तीस वर्षांत भाषा बरीचशी पुणेरी झाली होती, पण घाईत असल्या किंवा चिडल्या की तिकडची वर यायची. "काय करून राहिली तू?" असं त्यांनी म्हटलं की मी हातातलं काम टाकून सरळ उभी राहायची. "हलू नका, संपलंच" हे त्यांचं सगळ्यांत लाडकं वाक्य. हात मोडला म्हणून रडणाऱ्या पोरीला तेच, सहीसाठी तिष्ठणाऱ्या क्लार्कला तेच. माझे वडील गेले त्यानंतर मी कामावर आले आणि डार्करूममध्ये जाऊन रडायला लागले, तेव्हाही त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हलू नको. संपलंच." काय संपलं ते मला कळलं नाही, पण रडणं थांबलं.

आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या बाई दुपारी ड्युटी संपली की स्वारगेटवरून बस पकडून श्रीवर्धनला जायच्या. रविवारी पहाटे समुद्रावर फोटो काढायच्या. रविवारी संध्याकाळी परत. सोमवारी सकाळी आठला नाक भाजलेलं, डोळे लाल, आणि पाट जागेवर आहे का ते बघणं. या एका शनिवार-रविवारच्या बदल्यात त्यांनी सगळ्यांच्या सणाच्या ड्युट्या घेतल्या होत्या. लक्ष्मीपूजन, पाडवा, एकतीस डिसेंबर, सगळं त्यांच्याकडे.

आमच्या नोंदणीच्या खिडकीत जोगळेकर बसायचे. त्यांनी एकदा चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅडम, पुण्याला समुद्र नाही हे आपल्याला नोकरीला लागताना कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं ना. म्हणूनच बसनं जावं लागतं."

जोगळेकरांनी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या दिवसापासून ते मॅडमच्या बाजूचे झाले. शनिवारी दोननंतर कुणी तातडीचा फॉर्म आणला की आधी माझ्याकडे पाठवायचे.

पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा मॅडम अडतीस वर्षांच्या होत्या. त्यांचे यजमान सुधाकरराव, ज्यांना मी भाऊजी म्हणायची, एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या सोबत्याच्या बहिणीचं लग्न श्रीवर्धनला होतं, म्हणून दोघं गेले. संध्याकाळी सगळं वऱ्हाड किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला उभं. मॅडमना त्याचं काहीच वाटलं नाही. "सगळे हात करून करून दाखवत होते. मी म्हटलं, दिसते मला." पण ड्युटीच्या सवयीने पहाटे जाग आली, आणि कुणाला न उठवता त्या एकट्या वाळूवर जाऊन बसल्या.

तिथे त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी मला डबा खाताना, ज्वारीच्या भाकरीचा अर्धा तुकडा उभा धरून समजावलं होतं. कोकणात सूर्य समुद्रातून वर येत नाही. तो येतो आपल्या पाठीमागून, डोंगरावरून. किनारा डोंगराच्या सावलीत असतो. त्यामुळे ऊन आधी पडतं लांब समुद्रावर, पार क्षितिजाकडे. मग ते हळूहळू किनाऱ्याकडे सरकत येतं. शेवटी एक वेळ अशी येते की फुटणाऱ्या लाटेचा नुसता वरचा काठ उन्हात असतो आणि खालचं सगळं, पाणी, वाळू, आपण, सावलीत. "दोन मिनिटं. फार तर तीन. नंतर सगळीकडे ऊन होते आणि नेहमीचा समुद्र दिसते."

"आमच्याकडे तळी," त्या म्हणाल्या. "मोठमोठी तळी. पण तळं कधी अंगावर येत नाही."

मंडईजवळचा एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथून त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. नंतर डिजिटल आला, तोही वापरलेला. खाऱ्या हवेने भिंग खराब होतं म्हणून जुन्या सुती साडीचे तुकडे बॅगेत असायचे. वर्षाला बारा खेपा, प्रत्येक खेपेला ती दोन मिनिटं. त्यात ढग आले, भरती चुकली, लाट लांबच फुटली, तर ती खेप वाया. "वर्षाला तीन फोटो बरे येतात," असं त्या म्हणायच्या, आणि त्या तिनातलेही दोन पुढच्या वर्षी त्यांना आवडेनासे व्हायचे.

एकदा मीच आग्रह करून त्यांना एका हौशी मंडळाच्या स्पर्धेत फोटो द्यायला लावला. विषय होता सूर्योदय. निकालाच्या दिवशी परीक्षक, एक रुबाबदार गृहस्थ, प्रत्येक फोटोसमोर थांबून दोन वाक्यं बोलत होते. मॅडमच्या फोटोसमोर येऊन म्हणाले, "प्रकाश उत्तम आहे. पण सूर्योदयाच्या चित्रात सूर्य असणं अपेक्षित असतं."

"अहो, आपल्या किनाऱ्यावर तो समुद्रातून उगवतच नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग पूर्व किनाऱ्यावर जावं," गृहस्थ म्हणाले आणि पुढच्या फोटोकडे वळले.

दुसऱ्या कुणाला अपमान वाटला असता. मॅडमना तो पत्ता वाटला. रजा साठवून त्या आणि भाऊजी पुढच्या हिवाळ्यात रेल्वेने थेट पुरीला गेले. दोन दिवस ढग. तिसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं आणि सूर्य समुद्रातून वर आला. परत आल्यावर मी उत्सुकतेने विचारलं, "कसा होता?"

"गोल होता," मॅडम म्हणाल्या.

पुरीचा फोटो त्यांनी मला कधी दाखवला नाही. भाऊजींनी मात्र तिथून आणलेली शंखांची एक माळ कात्रजच्या घरात टीव्हीवर टांगली. ते हसतमुख, गप्पिष्ट गृहस्थ होते. बायको महिन्यातून एकदा समुद्रावर जाते हे ते कारखान्यात अभिमानाने सांगायचे. ती गेली की रविवारी स्वतः वरण-भात लावायचे आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचे.

ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलणं गेलं. चार शब्द उरले. हो, नको, पाणी, आणि सुमे.

मॅडमच्या दिवसाची मग एक लांब साखळीच झाली. पहाटे त्यांचं आवरून, भरवून, दिवसभरासाठी ठेवलेल्या मावशींच्या ताब्यात देऊन कात्रजहून बस. आठ ते चार ड्युटी. परत जाऊन पुन्हा तेच. रात्री त्यांना कुशीवर वळवायला दर दोन-तीन तासांनी उठणं. कधी कधी दोन पेशंटच्या मधल्या मिनिटात त्या पाटावर बसून डोळे मिटायच्या आणि हाक मारण्याआधीच उठायच्या. तरी समुद्र सोडला नव्हता. महिन्याऐवजी दोन महिन्यांतून एकदा जायच्या, तेव्हा मावशी रात्रीही राहायच्या. भाऊजीच डाव्या हाताने दाराकडे खूण करून त्यांना पिटाळायचे. सोसायटीत लोक बोलायचेच. बंगलोरला असलेली मुलगी प्रज्ञाही फोनवर नाराजी दाखवायची. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि बॅग भरायच्या.

त्या रविवारी ड्युटी माझी होती. सकाळी साडेनऊला स्ट्रेचर आत आलं, सोबत कात्रजचे शेजारी, आणि स्ट्रेचरवर भाऊजी. मावशी दूध आणायला खाली गेल्या होत्या तेवढ्यात ते एकटेच बाथरूमकडे निघाले आणि पडले. मला बघून त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांचा एक्स-रे घेतला. पडद्यावर येताक्षणी दिसलं, खुब्याचं हाड मोडलेलं होतं.

मॅडमना फोन लागेना. परतीची सकाळची बस ताम्हिणी घाटात असणार, तिथे नेटवर्क नसतं. लागला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "भाऊजी पडलेत, इकडेच या." त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

दुपारी त्या थेट स्वारगेटहून आल्या. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, चपलांना वाळू. भाऊजींना वॉर्डात नेलं होतं, पण त्या आधी आमच्याकडे आल्या. "दाखव." मी पडद्यावर फोटो लावला. त्या पाटावर चढल्या नाहीत, टाचा उंचावून जवळ गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोझिशन चांगली घेतलीस. त्यांना फार दुखलं का?"

मी खोटं बोलले. "नाही."

"बरं," म्हणाल्या आणि वॉर्डात गेल्या.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. मॅडमच्या हातात सलाईनची बाटली होती म्हणून मी फोन त्यांच्या कानाला धरला होता. पोरगी रडत होती. तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आई, तुला ते फोटो एवढे महत्त्वाचे आहेत?"

मॅडमनी बाटली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "होते."

ऑपरेशन झालं, पण भाऊजी परत उभे राहिले नाहीत. मॅडमनी निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी जोगळेकरांनी भाषण करायचं ठरवलं होतं. ते उभे राहिले, चष्मा पुसला, आणि "आता पाट कुणी हलवला तर विचारणार कोण?" एवढंच म्हणून खाली बसले. भिंतीवरचा फोटो मॅडमनी त्याच दिवशी दिला. त्याआधी तो त्यांच्या घरात होता.

मी वारज्याला राहते. गुरुवारी माझी सुट्टी असायची, तेव्हा कात्रजला जाऊन त्यांच्याकडे दोन-तीन तास बसायची, म्हणजे त्यांना मंडईत किंवा औषधांच्या दुकानात जाता यावं. बहुतेक वेळा त्या जायच्याच नाहीत. मी आले की खुर्चीत बसायच्या आणि चहा होईपर्यंत त्यांना झोप लागलेली असायची. भाऊजी पलंगावरून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे.

असं दीड वर्ष गेलं. कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर. एका गुरुवारी भाऊजी कपाटाकडे सारखी खूण करायला लागले. मॅडमनी औषधाचा डबा दाखवला, "नको." पांघरूण दाखवलं, "नको." शेवटी मी खुर्चीवर चढून कॅमेऱ्याची बॅग काढली. "हो," भाऊजी म्हणाले. मग बराच वेळ तोंडाची जुळवाजुळव करून त्यांनी एक शब्द काढला. इतक्या दिवसांतला पहिला नवा शब्द.

"जा म्हणाले," मॅडम मला म्हणाल्या. "मी नाही जाणार. एकदा गेले ते पुरे झालं."

"जा नाही म्हणाले," मी म्हटलं. "जाऊ म्हणाले."

त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "हो."

डिसेंबरमध्ये आम्ही तिघं श्रीवर्धनला गेलो. मोठी गाडी केली, मागच्या सीटवर उशा रचल्या, घडीची चाकाची खुर्ची घेतली. घाटात भाऊजींना दोनदा उलटी झाली. मॅडम प्रत्येक वळणावर म्हणत होत्या, "काहून निघालो आपण?" पण परत फिरायला त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोरड्या वाळूत खुर्चीची चाकं रुतली. मासे विकायला बसलेल्या दोघांनी आणि ड्रायव्हरने मिळून खुर्ची उचलली आणि ओल्या, घट्ट वाळूवर नेऊन ठेवली. मॅडमनी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला. त्याला एक लांब वायर होती, टोकाला बटण. ते बटण त्यांनी भाऊजींच्या डाव्या हातात दिलं. "मी आत्ता म्हटलं की दाबायचं. तोवर नाही."

क्षितिजाकडचं पाणी उजळलं. ऊन पुढे सरकत आलं. लाट उठली, तिचा काठ चकाकला. "आत्ता!" मॅडम म्हणाल्या. भाऊजींच्या अंगठ्यापर्यंत ते पोचेतो लाट फुटून पसरली होती, आणि मग कॅमेरा वाजला.

पुढची लाट. "आत्ता!" पुन्हा उशीर. मॅडम एक क्षण आधी सांगायला लागल्या, तर ते आणखी उशिरा दाबायला लागले. चौथ्या-पाचव्या लाटेला मॅडम खरोखर चिडल्या. "अहो, आधी दाबा ना! ती काय तुमच्यासाठी थांबून राहणार आहे?" आणि भाऊजी हसले. झटक्यानंतर त्यांचं हसणं नुसतं घशातून यायचं, ऐकणाऱ्याला क्षणभर भीती वाटायची. त्या दिवशी ते थांबेचना. मॅडम कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं घेऊन त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरं दाबा, कधीही दाबा."

ऊन सगळीकडे पसरल्यावरही ते दाबत राहिले. शंभराच्या वर फोटो निघाले. सगळ्यांत तेच, नुकतीच फुटून गेलेली लाट, फेस आणि सपाट पाणी. मॅडमनी गाडीत बसून ते एकेक करून पाहिले. "एकही कामाचा नाही," म्हणाल्या. पण पुसायचे का म्हणून मी विचारलं तेव्हा कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊजींच्या छातीत कफ भरला. आमच्याच हॉस्पिटलात आणलं होतं. वॉर्डात मशीन नेऊन मी छातीचा एक्स-रे घेतला. सवयीने म्हणून गेले, "भाऊजी, श्वास धरा." त्यांना धरता येईना. मी थांबले. पलंगापाशी उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, "राहू दे वैशाली. जसा येईल तसा घे." तिसऱ्या दिवशी ते गेले.

प्रज्ञा महिनाभर राहिली. आईला बंगलोरला नेण्याचं तिने ठरवलं आणि घर आवरायची तारीखही काढली. तिचं आईशी भांडण उरलं नव्हतं. दोघींमध्ये त्यासाठी लागणारी ताकदच नव्हती. जायच्या आधी एक शनिवार माझ्याबरोबर श्रीवर्धनला चला, असं मी मॅडमना म्हटलं. मला वाटलं होतं नाही म्हणतील. "चल," म्हणाल्या.

बसमध्ये बसल्या आणि चांदणी चौक ओलांडायच्या आत त्यांना झोप लागली. घाट झोपेत गेला. श्रीवर्धनला मॅडम नेहमी मुक्कामाला राहायच्या त्या काकूंकडे उतरलो. काकूंनी माशाचं जेवण केलं होतं. चार घास खाऊन मॅडम आठ वाजताच अंथरुणावर पडल्या.

पहाटे मी उठून चहा केला, कॅमेऱ्याची बॅग दाराशी ठेवली आणि त्यांना हलवलं. "मॅडम, उजाडतंय." "हो," म्हणाल्या. पाच मिनिटांनी पुन्हा हलवलं. "उठतेय गं," म्हणाल्या आणि कूस बदलली. मी तिसऱ्यांदा हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या एवढ्या गाढ झोपल्या होत्या, की उठवणं मला पाप वाटलं. मी एकटीच किनाऱ्यावर गेले. आधी लांबचं पाणी उजळलं, मग ऊन पुढे येत गेलं, मग दोन मिनिटं लाटांचे नुसते काठ. त्यांनी सांगितलं होतं तस्संच. मी मोबाइलवर दोन फोटो काढले, ते काही धड आले नाहीत.

नऊ वाजता त्या उठल्या. उन्हाकडे बघितलं. "गेलं?"

"गेलं. मी दोनदा उठवलं होतं."

"हो का?" त्यांनी जांभई दिली. चिडल्या नाहीत, हळहळल्याही नाहीत. "चहा आहे का?"

दुपारच्या बसने परत निघालो. माणगावपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग मान कलली आणि माझ्या खांद्यावर आली. तोंड अर्धवट उघडं, श्वास लांब, संथ. त्यांचं वजन ते किती असणार, तरी पौडपर्यंत माझा हात बधिर झाला. मला चांदणी चौकात उतरून वारज्याची रिक्षा घ्यायची होती. कंडक्टरने आवाज दिला, "चांदणी चौक! चला पटपट!" त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण मी त्याला तसं आधी सांगून ठेवलं होतं. मी मान हलवून नको म्हटलं. त्याने डबल बेल दिली.

कोथरूड, डेक्कन, गर्दी, सिग्नल. मॅडम हलल्या नाहीत. स्वारगेटला इंजिन बंद झालं, त्या शांततेनेच त्यांना जाग आली. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तू उतरली नाहीस?"

"मलाही झोप लागली."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आता तुला उलटं जावं लागणार."

कात्रजची बस समोरच लागली होती. मी त्यांची बॅग हातात दिली. "पोचल्यावर फोन करा," मी म्हटलं. त्या हो म्हणाल्या, पुढच्या दाराने चढल्या, दांडा धरत धरत आत गेल्या. खिडकीची जागा मिळाली. मी हात हलवायला वर केला, पण बस अजून उभीच होती आणि मेश्राम मॅडमचे डोळे मिटलेले होते.